निवळत्या पाण्याचा रंग

गेल्या आठवड्यात दुकानाचं शटर वर करत होतो, तेवढ्यात सुधाकरचा फोन आला. रामराम नाही, तब्येतीची चौकशी नाही. "भाऊजी, पानी निवयून राहिलं," एवढंच म्हणाला आणि फोन ठेवून दिला. तिथून माझा जीव थाऱ्यावर राहिला नाही. एका बाईंनी साडीला फॉल मागितला तर मी अस्तराचा तागा काढून पुढ्यात ठेवला. चहा आला, गार झाला, तसाच परत गेला.

सुधाकर म्हणजे माझा मेहुणा, सुनंदाचा धाकटा भाऊ. अकोटच्या एका शाळेत विज्ञान शिकवतो. तिथून मोटरसायकलने जाता येईल एवढ्या अंतरावर, सातपुड्याच्या पायथ्याशी, एक तलाव आहे. मच्छीमार सोसायटीच्या लोकांना विचारून तो तिथे गळ टाकतो. लागलेला मासा दोन्ही हातांत धरून डोळे भरून पाहतो आणि परत पाण्यात सोडून देतो. मासे खाणाऱ्याला ही गोष्ट समजावून सांगता येत नाही आणि न खाणाऱ्यालाही नाही. पण हा नाद त्याने मला लावला खरा. अमरावतीहून अंजनगावमार्गे एसटीने अकोट, तिथून त्याच्या मागे बसून तलाव, असे माझे कितीतरी रविवार गेले आहेत.

पाणी निवळणं म्हणजे काय, ते काठावर बसणाऱ्यालाच कळतं. पावसाळाभर डोंगरातून उतरलेली माती तलावात घुसळत असते. भाद्रपद सरता सरता तिला खाली बसायची आठवण होते. चहासारखं असलेलं पाणी आधी ताकासारखं पांढुरकं होतं, मग भिजवलेल्या मेंदीसारखं, मग बाटलीच्या काचेसारखं हिरवं. या दिवसांत आमच्या वऱ्हाडात सगळे शेताकडे बघत असतात. सोयाबीन पिवळी पडलेली, कपाशीची बोंडं तडकायला आलेली, सीताफळांचे डोळे उघडायला लागलेले. लोकांसाठी हा ऋतू पदरात काही पडण्याचा. मला मात्र या दिवसांत कधीच चैन पडलेलं नाही, कारण रोज पाणी बदलतं आणि रोज नव्याने रंग निवडावा लागतो.

आम्ही जे गळाला लावतो ते नरम प्लास्टिकचे मासे. बोटाएवढे, दाबले तर लिबलिबीत, शेपूट वल्ह्याच्या पात्यासारखी चपटी. पाण्यातून ओढले की ती शेपूट अशी काही हलते, की जिवंत मासोळी घाबरून पळते आहे असंच वाटावं. सुधाकर ते ऑनलाइन मागवतो. ज्या व्हिडिओंत पाहून तो हे शिकला, त्यांतले मासे परदेशातले, बास नावाचे. आपल्याकडे बास नाही. आपल्याकडे मरळ. सापासारखं डोकं, अंगावर काळपट चट्टे, आणि मधूनच पाण्यावर येऊन हवेचा घोट घेऊन जाण्याची सवय. पण रंगांचं शास्त्र सगळीकडे सारखंच, असं सुधाकर म्हणतो. पाणी गढूळ असेल तर काळा लावा किंवा डोळ्यांत खुपणारा लिंबू. म्हणजे माशाला निदान सावली तरी दिसते. पाणी हिरवट झालं की मेंदी, खाकी, पोटाला जरा चंदेरी. पाणी नितळ झालं की धुरासारखा, आरपार दिसणारा, आत चमकी असलेला. शिवाय ऊन कोणत्या बाजूने आहे, आभाळ आलं आहे का, काठाजवळची मासोळी आज कोणत्या रंगाची दिसते आहे, हे सगळं वेगळं.

पाकिटांवरची इंग्रजी नावं मला कधी पाठ झाली नाहीत. मी माझी नावं दिली. मोतिया, राणी, रामा, चिंतामणी, आमसुली, मोरपंखी. माझं दुकान मॅचिंग सेंटरचं आहे. अख्खा जन्म साडीच्या काठाला ब्लाउजपीस जुळवण्यात गेला. बायका पिशवीतून साडीचं एक टोक बाहेर काढतात आणि मी न बोलता मागे वळून नेमका तागा काढतो. असा माणूस तलावाकाठी प्लास्टिकच्या माशांची डबी उघडून बसला की त्याचं काय होत असेल ते बघा. दुकानात निवड गिऱ्हाईक करतं, मी फक्त काढून देतो. इथे निवडायचंही मीच आणि पसंत न पडलं तर सांगायला कोणी येत नाही. पाण्याखाली ज्याला पसंत करायचं आहे, तो बोलत नाही. मग मी मेंदी लावतो, चार वेळा टाकतो, काढतो. लिंबू लावतो, काढतो. सुधाकर एका रंगावर सकाळ काढतो आणि मी तेवढ्या वेळात अर्धी डबी पालथी घालतो. घरी परतताना एसटीच्या खिडकीतून कपाशी मागे पळत असते आणि माझ्या मनात एकच, की तो आमसुली लावायला पाहिजे होता.

गेल्या वर्षी याच दिवसांत ही चुळबुळ फार वाढली होती. काहीही लावलं तरी मरळ जवळ येईना. सुधाकरला लागायचे, मला नाही. मी म्हणायचो, तुझी डबी दे. तो द्यायचा. तरी नाही. दुकानातही काहीतरी बिनसलं होतं. अंजनगावच्या एक नेहमीच्या बाई होत्या. त्यांच्या लेकीचं लग्न ठरलं होतं. मी काढून दिलेला पीस त्यांनी हातात घेतला, दुकानाच्या पायरीवर उन्हात नेला, परत आत आल्या आणि हळूच म्हणाल्या, "भाऊ, हा जरा हिरवट नाई वाटत का?" माझ्या लेखी तो चक्क निळा होता. मी म्हटलं, ट्यूबलाइटमध्ये तसं होतं. त्या तर उन्हातून आल्या होत्या. त्यांनी वाद घातला नाही, दुसरा पीस मागून घेतला. नेहमीचं गिऱ्हाईक जेव्हा वाद घालत नाही, तेव्हा दुकानदाराने घाबरावं. मी दिवसभर तागे काढून पायरीवर नेत राहिलो आणि परत आणत राहिलो.

मग तो रविवार आला. पाणी नुकतंच ताकाचं मेंदी होत होतं. या काळात मरळीला पिल्लं असतात. पाण्याच्या वरच्या थरात लालसर पिल्लांचा एक घोळका असतो, पाणी उकळावं तसा तो एका जागी खदखदत हलतो, आणि आई-बाप खाली राखण करत फिरतात. त्या घोळक्यावर गळ टाकला तर मरळ हमखास धावून येते. भुकेने नाही, रागाने. म्हणूनच सुधाकर तिथे कधी टाकत नाही आणि कोणाला टाकू देत नाही. एवढा एकच नियम त्याने मला पहिल्या दिवशी सांगितला होता.

मी गवताच्या कडेला गळ टाकला आणि दुसऱ्याच क्षणी काठी वाकली. मोठी मरळ होती. कितीतरी दिवसांनी लागली म्हणून मी खुशीत ती ओढत काठाला आणली. सुधाकर धावत आला, पण तो माझ्या काठीकडे बघतच नव्हता. त्याने गुडघाभर पाण्यात उतरून मासा धरला, गळ सोडवला आणि मासा तसाच उचलून गवतापाशी नेऊन सोडला. मग तिथेच उभा राहिला. मी विचारलं काय झालं, तर हात वर करून थांबा म्हणाला. बऱ्याच वेळाने बाहेर आला. पाय चिखलाने भरलेले.

"भाऊजी, पिल्लं दिसली नाई तुमाले?"

"कुठं?"

त्याने बोट दाखवलं. मी डोळे बारीक करून पाहिलं. पाणी होतं, गवत होतं, उन्हाचा चमचमाट होता. "मले तं काईच दिसून नाई राहिलं," मी म्हणालो.

त्याला राग येईल असं वाटलं होतं. त्याने माझ्या डोळ्यांकडे निरखून पाहिलं आणि काठ्या आवरल्या. मला अकोटच्या स्टँडवर सोडलं, आणि मी अमरावतीला पोचायच्या आत त्याने बहिणीला, सुनंदाला, फोन केला.

सुनंदा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. तिने घरी सरळ परीक्षा घेतली. मी हातपाय धुऊन आलो तर पलंगावर दोन परकर पसरलेले. यांतला पांढरा कोणता, तिने विचारलं. मी म्हटलं, यात पांढरा नाहीच, दोन्ही मोतिया आहेत. ती पलंगाच्या कडेला बसली आणि तिने परकरांच्या घड्या घालायला घेतल्या. एक पांढरा होता, हे तिनेच सांगितलं. त्या क्षणी मला कळलं की दुकानात मी किती दिवस रंग पाहतच नव्हतो. मला ताग्यांच्या जागा पाठ होत्या.

मोतीबिंदू दोन्ही डोळ्यांत निघाला. साखर असलेल्यांना लवकर होतो, डॉक्टर म्हणाले. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन दसऱ्याच्या आधी झालं. डाव्याचं लगेच करायचं होतं, पण साखर वर गेली आणि ती खाली आल्याशिवाय हात लावणार नाही असं त्यांनी सांगून टाकलं.

उजव्या डोळ्याची पट्टी काढली तेव्हा पहिल्यांदा दिसला तो समोरच्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीचा निळा. इतकी वर्षं निळा मला नुसता आठवत होता, दिसत नव्हता. मी रिक्षात बसून घरी येईपर्यंत निळं काय काय आहे तेच पाहत होतो. दुकानांच्या पाट्या, शाळेच्या पोरींचे गणवेश, ताडपत्र्या. घरी आलो तर बदामी वाटणाऱ्या भिंती पांढऱ्या निघाल्या आणि त्यांवरचे डागही. मग उजवा डोळा हाताने झाकून डाव्याने पाहिलं. सगळं घर कुणीतरी हळदीच्या पाण्यातून काढल्यासारखं. पुन्हा डावा झाकला. पुन्हा उजवा. तेव्हापासून पुढचे कित्येक आठवडे मी हाच उद्योग करत होतो. जेवताना, दुकानात, रस्त्यात. एकाच वस्तूचे दोन रंग. कोणता खरा ते ठरेना. ज्या माणसाचं पोट रंग जुळवण्यावर, त्याच्या कपाळात दोन वेगवेगळी दुकानं उघडून बसली होती.

आणि त्यातच मला सुनंदा दिसली.

दिसली म्हणजे, ऑपरेशननंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ती माझ्या डोळ्यात थेंब घालायला वाकली होती. उजव्या डोळ्यापुढे तिचा चेहरा आला, अगदी जवळ. मला वाटलं, हिने तोंडाला पावडर लावली आहे. ओठ कागदासारखे. कानाच्या पाळ्या, जिथे कुड्या आहेत तिथे, मेणासारख्या. मी डावा डोळा उघडला तर ती नेहमीसारखी, गव्हाळ, तुकतुकीत. मी म्हणालो, सुनंदा, तू फिकी दिसतेस. ती हसली. "डोया नवा बसवला तुमी," ती म्हणाली, "बायको तं जुनीच हाये."

पुढच्या तपासणीला मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, सुरुवातीला सगळं पांढरं-निळसर दिसतं, मेंदूला सवय व्हायला वेळ लागतो, घाबरू नका. म्हणजे भिंत पांढरी दिसते तशीच बायकोही. मला ते पटलं. घरी आल्यावर पटेनासं झालं. शेजारचे गृहस्थ मला फिके दिसत नव्हते. दुकानात येणाऱ्या बायका फिक्या दिसत नव्हत्या, आरशात मीही नाही. पण मग मनात यायचं की त्यांचा रंग मला मुळात माहीत कुठे आहे. सुनंदाचा माहीत आहे. का तोही नाही? किती वर्षांपासून मी तिला हळदीतून पाहत होतो, कोण जाणे. माझा जुना डोळा रोज तिच्या चेहऱ्याला हळद लावून ठेवत होता.

ती काही बोलत नव्हती. शाळा चालू होती, दिवाळीची साफसफाई चालू होती. फक्त आता मला इतर गोष्टी दिसायला लागल्या. गच्चीवरच्या तुळशीची कुंडी खाली अंगणात आली होती. भाजीची पिशवी ती दारात ठेवायची, पायरीवर बसायची आणि मग आत यायची. मी विचारलं की म्हणायची, ऊन किती आहे. ऑक्टोबरचं ऊन होतंच. प्रत्येक गोष्टीला एक उत्तर होतं आणि प्रत्येक उत्तर बरोबर होतं. मी रात्री पडलो की डोळे मिटूनही मला स्वस्थता नव्हती.

दिवाळीच्या आधीच्या रविवारी सुधाकरने मला तलावावर नेलं, गॉगल घालून, काठावर एका जागी बसायच्या अटीवर. पाणी तेव्हा बाटलीच्या काचेवर आलं होतं. मी डबी उघडली आणि गोंधळलो. उजव्या डोळ्याने रामा, डाव्याने मेंदी. उजव्याने धूर, डाव्याने चहा. सुधाकर म्हणाला, मासा काही तुमच्या डोळ्याने पाहत नाही, कोणताही लावा. मी म्हटलं, पण मी तर माझ्याच डोळ्याने निवडणार ना. शेवटी मी दोन प्लास्टिकचे मासे काठाजवळच्या उथळ पाण्यात शेजारी शेजारी धरले, जिथे खऱ्या मासोळ्या फिरत होत्या. आणि मग मला सोपं झालं. एकेकटा रंग कोणत्याही डोळ्याला फसवतो. शेजारी दुसरा ठेवला की फरक लपत नाही. दोन्ही डोळ्यांना दिसतो, कमी-जास्त दिसतो, पण दिसतो. हे काही नवीन नव्हतं. दुकानात मी दिवसभर हेच करतो. साडीशिवाय नुसता पीस मागणाऱ्या बाईला मी परत पाठवतो, साडी घेऊन या म्हणतो. त्या दिवशी मला मासा लागला नाही. परतीच्या वाटेवर मात्र माझ्या डोक्यात एकच विचार घर करून बसला, की सुनंदाच्या शेजारी काय ठेवायचं.

सुधाकर आणि सुनंदा लहानपणापासून एका रंगाचे. त्यांच्या आईला लोक विचारायचे, एकाच मातीचे घडवले का गं. भाऊबीजेला तो बायको-पोरांसह अमरावतीला आला. पाट मांडला, रांगोळी काढली, सुनंदाने त्याला टिळा लावला, निरांजनाने ओवाळलं. त्याने खिशातून छोटी डबी काढून तिच्या तळहातावर ठेवली. दोघांचे हात क्षणभर एकावर एक होते. माझा उजवा डोळा तिथेच अडकला.

मी म्हणालो, दोघं जरा दारात उन्हात या. सुधाकरला वाटलं फोटो काढायचा आहे. दोघं आले. मी म्हटलं, हात पुढे करा, तळवे वर, शेजारी शेजारी. पोरं हसायला लागली. सुनंदा म्हणाली, यांचं डोळ्याचं वेड अजून उतरलं नाही. पण तिने हात पुढे केला.

मी आधी डाव्याने पाहिलं. दोन्ही हात पिवळट, एक थोडा उजळ. मग उजव्याने पाहिलं. सुधाकरचा तळवा गाजरी गुलाबी, रेघांत लाली, बोटांच्या टोकांना रक्त. त्याच्या शेजारी सुनंदाचा तळवा धुवट मांजरपाटाच्या तुकड्यासारखा. रेघासुद्धा पांढऱ्या. तीस वर्षं रंग जुळवतो आहे, पण दोन तुकड्यांत इतका फरक असताना कधी कोणाला हे एकाच ताग्याचे आहेत असं म्हणालो नसतो.

मी काही बोलायच्या आत सुधाकरचं हसू गेलं. त्याने तिची नखं दाबून पाहिली, तिला मान वर करायला सांगून डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली. विज्ञानाच्या मास्तरला तेवढं कळतं.

"ताई," तो म्हणाला, "तुले होऊन काय राहिलं?"

तिने हात मागे घेतला. सण आहे, पुऱ्या तळायच्या राहिल्या आहेत, उद्या पाहू, म्हणाली. मी उंबऱ्यातच उभा राहिलो आणि म्हणालो, "आजच. सनबिन मले काई सांगू नको."

तपासणीचं दुकान सणामुळे अर्धं उघडं होतं, पण रक्त घेतलं. संध्याकाळी डॉक्टरबाईंनी कागद पाहिला, सुनंदाला आधी खुर्चीवर बसायला सांगितलं आणि मग विचारलं, तुम्ही जिना चढून वर आल्या कशा. रक्त इतकं कमी होतं. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. कित्येक महिने अंगावरून फार जात होतं. पाळी जाता जाता असं होतंच, शाळेतल्या सगळ्याच बाया म्हणतात; म्हणून ती गप्प होती. आधी यांचे डोळे होऊ देत, मग सुट्टीत बघू, असं तिने ठरवलं होतं. डॉक्टरबाई म्हणाल्या, सुट्टीपर्यंत थांबल्या असत्या तर हृदयाने ऐकलं नसतं.

तिला लगेच भरती केलं. सुधाकरने रक्त दिलं, पिशव्या मिळाल्या. तिच्या उशाशी ती पिशवी लटकवली आणि थेंब सुटायला लागले. मी सवयीने उजवा डोळा झाकला, मग डावा झाकला. त्या एका रंगात फरक नव्हता. दोन्ही डोळ्यांना तो एकच दिसला, गडद डाळिंबी. ऑपरेशन झाल्यापासून पहिल्यांदाच माझ्या दोन्ही डोळ्यांचं कशावर तरी एकमत झालं होतं. मी तिथे स्टुलावर बसून राहिलो. बऱ्याच दिवसांनी माझे हातपाय स्वस्थ होते. सुनंदाने झोपेतून डोळे उघडून विचारलं, आता काय पाहून राहिले. काही नाही, मी म्हणालो.

पुढे थंडीत ऑपरेशन करून तिची गर्भाची पिशवी काढली. गाठी होत्या, साध्या निघाल्या. आमचा मुलगा नाशिकला नोकरीला असतो, तो येऊन राहिला. तिला बीट, खजूर, मेथी असं काय काय खाऊ घालताना माझीही साखर आपोआप वळणावर आली आणि डाव्या डोळ्याची तारीख मिळाली.

खरं सांगायचं तर ती तारीख मिळाल्यावर मी पुन्हा अस्वस्थ झालो. त्या जुन्या डोळ्यातलं जग आता जाणार होतं. संध्याकाळी गच्चीवर उभं राहून मी फक्त डाव्या डोळ्याने पाहत असे. घरांच्या भिंती, दूरच्या झाडांचे शेंडे, वाळत घातलेली चादर, सगळ्यांवर तीच उबदार साय. याच डोळ्याने मी मुलाला मोठं होताना पाहिलं असेल, निदान शेवटची काही वर्षं तरी. याच डोळ्याने मी ओळखीच्या बायकांच्या लग्नांचे, डोहाळजेवणांचे, सणांचे रंग जुळवले. ते चुकले असतील तर त्या बिचाऱ्या तसेच ब्लाउज घालून हिंडल्या आणि कोणी काही म्हटलं नाही. आणि याच डोळ्याने मला सांगितलं की घरात सगळं छान आहे. सुंदर दिसणं आणि खरं दिसणं यांतलं एक निवडायचं असेल तर माणूस काय निवडेल, हे मला अजून सांगता येत नाही. मला निवडू दिलं नाही, हे बरं झालं. एका सकाळी अर्ध्या तासात ती साय निघून गेली.

आता दोन्ही डोळे सारखे आहेत. निळा निळा आहे. दुकानात बायका पायरीवर जाऊन परत आत येत नाहीत. पण मनाला एक खोड लागली ती गेली नाही. सकाळी सुनंदा चहाचा कप पुढे करते तेव्हा मी आधी तिची नखं पाहतो. ती बोलत असते तेव्हा मी ऐकता ऐकता तिच्या ओठांचा रंग जोखत असतो. तपासणीचे कागद चांगले येतात, डॉक्टरबाई आता वर्षाने या म्हणतात, तरी मला कागदापेक्षा ऊन बरं वाटतं. तिला हे कळतं. कधी चिडते, कधी मुद्दाम हात पदराखाली घेते.

सुधाकरचा फोन आल्यापासून माझी घालमेल चालली होती, ती तिने पाहिली असावी. शनिवारी म्हणाली, मीही येते. इतक्या वर्षांत ती कधी तलावावर आली नव्हती. काल, रविवारी, आम्ही पहिल्या एसटीने निघालो. अंजनगाव सोडल्यावर पानपिंपरीच्या, तिकडच्या त्या औषधी वेलीच्या, मळ्यांचा वास खिडकीतून आला. तिने डोकं काचेला टेकवलं होतं. अकोटला सुधाकर आमच्यासाठी कुणाची तरी गाडी मागून आणून उभा होता.

पाणी नेमकं मधल्या रंगावर होतं, ताक सरलेलं, मेंदी अजून न चढलेली. सुधाकर आपली काठी घेऊन लांब निघून गेला. सुनंदा एका दगडावर सतरंजीची घडी टाकून बसली. तिने येताना काठावरच्या झाडाखालून उचललेलं एक सीताफळ फोडलं होतं. मी डबी उघडली. मेंदी उचलला, खाली ठेवला. खाकी उचलला. आभाळाकडे पाहिलं. आमसुली काढून पाण्याजवळ धरला, पुन्हा पुसून डबीत ठेवला. असा किती वेळ गेला कोण जाणे. ती बिया थुंकत गवताकडे पाहत होती. मग तिने हात धुतले, पदराला पुसले आणि एक तळवा सरळ माझ्या उघड्या डबीवर, सगळ्या रंगांच्या वर, उताणा आणून ठेवला.

"हे पाहून घ्या एकदाचं," ती म्हणाली, "आन् मंग टाका निवांत."

सकाळचं तिरपं ऊन थेट तिच्या तळव्यावर होतं. पाण्याचे थेंब अजून रेघांत अडकलेले. मी पाहिलं. बोटांची टोकं, अंगठ्याखालचा उंचवटा, आयुष्याची रेघ. गुलाबी होता, चांगला गाजरी गुलाबी. तिने हात काढून घेतला. मी डबीत न बघता हाताला आला तो रंग गळाला लावला आणि लांब, गवताच्या पलीकडे, मोकळ्या पाण्यात टाकून दिला.